तेहतीस रुग्णांचा पुरावा

‘ब्रिटिश जर्नल ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिन’ या नियतकालिकात १९६० साली बारा पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक तिघे होते : वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड. दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या वायव्य भागात आढळलेला फुप्फुसावरणाचा एक दुर्मीळ कर्करोग आणि ॲस्बेस्टॉसशी आलेला संपर्क, हा त्याचा विषय. मेसोथेलिओमा आणि ॲस्बेस्टॉस यांची सांगड आज वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. ती सर्वमान्य झाली ती या बारा पानांपासून.

कवितेचे किंवा कथेचे परीक्षण आपण वर्गात करतो, शोधनिबंधाचे मात्र करत नाही. त्यातला निष्कर्ष तेवढा उचलतो, पाठ्यपुस्तकात एका वाक्यात घालतो आणि मोकळे होतो. तो निष्कर्ष कशाच्या आधारावर उभा आहे, कुठे पक्का आहे आणि कुठे कच्चा, हे तपासून पाहण्याची सवय मुलांना लागत नाही. खरे सांगायचे तर आम्हा संशोधकांपैकीही बऱ्याच जणांना ती उशिराच लागते. या निबंधाचे परीक्षण करावेसे वाटले त्याला आणखी एक कारण आहे. ज्या पदार्थाबद्दल तो लिहिला गेला, तो आपल्यापैकी कित्येकांच्या शाळेच्या छपरात आहे. आणि ‘भारतात याचा पुरावा कुठे आहे?’ हा प्रश्न आजही मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. पुरावा कसा तयार होतो हे ठाऊक असल्याशिवाय या प्रश्नाचे मोल कळत नाही.

आधी रोगाची थोडी ओळख करून घेऊ. फुप्फुसाभोवती दुपदरी आवरण असते. दोन पदरांमध्ये अगदी थोडा द्रव असतो, त्यामुळे श्वासाबरोबर फुप्फुस छातीच्या पिंजऱ्याला न घासता सरकते. या पदरांना मेसोथेलियम नावाच्या चपट्या पेशींचे अस्तर असते. त्या अस्तराचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. पोटाच्या पोकळीच्या अस्तरालाही तो होतो, पण कमी प्रमाणात. छातीत पाणी साठते, आवरण जाड होत होत फुप्फुसाला आवळते, दम लागतो, वेदना होतात. निदानानंतर बहुतेक रुग्ण वर्षभराच्या आसपासच जगतात. धूम्रपानाशी या रोगाचा संबंध नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

ॲस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नाही. तंतूंच्या रूपात आढळणाऱ्या काही सिलिकेट खनिजांना मिळून हे व्यापारी नाव पडले आहे. पांढरा ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रायसोटाइल, निळा म्हणजे क्रोसिडोलाइट, तपकिरी म्हणजे अमोसाइट. (अमोसाइट या नावामागे कोणी ग्रीक देवता नाही, ‘ॲस्बेस्टॉस माइन्स ऑफ साउथ आफ्रिका’ या कंपनीच्या आद्याक्षरांवरून ते पडले.) हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, विजेला व उष्णतेला दाद देत नाहीत आणि कापसासारखे विणता येतात. पिंजत गेले की ते उभे चिरत जातात आणि अधिकाधिक बारीक होतात. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर हे तंतू एका मायक्रॉनच्याही काही अंशाइतके बारीक असू शकतात. डोळ्यांना न दिसणारी ही धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाते. आत आलेला कण गिळून टाकणाऱ्या पेशी शरीरात असतात. पण तंतू त्या पेशीपेक्षाच लांब असला तर ती त्याला पुरते गिळू शकत नाही. तंतू तिथेच राहतो, पेशी चिडलेल्या राहतात, दाह चालू राहतो. त्यातून कर्करोग उद्भवायला साधारण वीस ते पन्नास वर्षे लागतात.

आता निबंधाकडे वळू. त्याची सुरुवात झाली ती १९५६ साली एका शवविच्छेदनापासून. मृत माणूस जोहान्सबर्गच्या परिसरातील सोन्याच्या खाणीवर कामाला होता आणि त्याला फुप्फुसावरणाचा क्षय झाला आहे असे समजून उपचार चालले होते. छाती उघडल्यावर डॉ. वॅग्नर यांना क्षयाऐवजी एक प्रचंड गाठ दिसली आणि फुप्फुसात ॲस्बेस्टॉसच्या खुणा सापडल्या. सोन्याच्या खाणीत ॲस्बेस्टॉस कसा येईल? इकडे किंबर्ली या हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी डॉ. स्लेग्ज हे क्षयरुग्णालय सांभाळत होते. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट जाणवली होती. गावाच्या पूर्वेकडून येणारे, छातीत पाणी झालेले रुग्ण क्षयाच्या औषधांनी बरे होत; पश्चिमेकडून येणाऱ्यांपैकी काही मात्र औषधांना अजिबात दाद देत नसत. पश्चिमेला काय होते? ‘ॲस्बेस्टॉस हिल्स’ याच नावाने नकाशावर असलेली डोंगररांग आणि तिच्यातल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी. तिसरे लेखक मार्चंड हे छातीचे शल्यविशारद. त्यांनी अशा रुग्णांच्या आवरणाचे तुकडे काढून तपासणीला दिले. तिघांची माहिती एकत्र आली तेव्हा तेहतीस रुग्ण झाले : बावीस पुरुष, अकरा स्त्रिया, वये ३१ ते ६८. एक सोडून सर्वांचा निळ्या ॲस्बेस्टॉसशी कधी ना कधी संबंध आला असण्याची शक्यता दिसत होती.

शालेय पुस्तकातील ‘वैज्ञानिक पद्धत’ या प्रकरणाची फूटपट्टी घेऊन या निबंधाला गुण द्यायचे ठरवले, तर तो बहुधा नापास होईल. त्यात प्रयोग नाही. ज्यांना रोग नाही अशा लोकांचा तुलनागट नाही. शक्याशक्यतेचे गणित नाही. आहेत त्या तेहतीस माणसांच्या हकिगती, काही क्षकिरण चित्रे, सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या पेशींची वर्णने. एखाद्या परीक्षकाने ‘या नुसत्या कहाण्या आहेत’ असा शेरा मारला असता, तर पुस्तकी नियमाने तो चुकीचा ठरला नसता.

मग हा निबंध टिकला कशामुळे?

उत्तर रोगाच्या दुर्मीळपणात आहे. एखाद्या डोंगराळ भागातील तेहतीस माणसांना खोकला झाला, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण खोकला सगळीकडेच असतो. तिथे तुलनागट हवाच, हिशेब हवाच. पण ॲस्बेस्टॉसचा संपर्क नसलेल्या लोकांत मेसोथेलिओमाचे प्रमाण दहा लाखांमागे वर्षाला एक-दोन रुग्ण इतके कमी असते. त्या काळी तर हा रोग मुळात आहे की नाही याबद्दलच वाद होता. विलिस यांच्यासारखे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ म्हणत की फुप्फुसावरणात दिसणारी गाठ ही शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी कर्करोगाची पसरलेली शाखा असणार. एखादा डॉक्टर आयुष्यात अशी एखादीच गाठ पाहत असे. असा रोग विरळ वस्तीच्या एकाच पट्ट्यातून आलेल्या लोकांत काही वर्षांत डझनांनी दिसतो, तेव्हा उरलेले जग हाच तुलनागट ठरतो. दक्षिण आफ्रिकेत इतरत्र हा अर्बुद क्वचितच आढळतो, असे लेखकांनी सारांशातच म्हटले आहे. निबंधाचे सारे वजन या साध्या वाक्यावर आहे, आणि ते पुरेसे आहे.

शेजारीच दुसरे उदाहरण ठेवले म्हणजे हा मुद्दा वर्गात चांगला कळेल. त्याआधी पाच वर्षे, १९५५ साली, रिचर्ड डॉल यांनी इंग्लंडमधील रॉचडेल येथील ॲस्बेस्टॉस कापड गिरणीच्या कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाने ११ मृत्यू मोजले. एरवी त्यांच्यात ०.८ अपेक्षित होते. फुप्फुसाचा कर्करोग दुर्मीळ नाही, शिवाय धूम्रपानामुळे तो होतोच. म्हणून डॉल यांना ‘अपेक्षित किती’ हा आकडा काढल्याखेरीज एक पाऊलही पुढे टाकता आले नसते. किंबर्लीच्या डॉक्टरांना तो काढावा लागला नाही. ‘ते लोक विड्या-सिगारेटी ओढत असतील’ हा आक्षेपही त्यांच्या बाबतीत लागू पडत नाही, कारण विडीने हा रोग होतच नाही. पुराव्याची पद्धत रोगाच्या स्वरूपावर ठरते, हे पाठ्यपुस्तकातील त्या प्रकरणात कुठेच सांगितलेले नसते.

तुलनागट नाही असे मी वर म्हटले, ते अगदी खरे नाही. नीट पाहिले तर तो दोन ठिकाणी लपलेला आहे. एक, स्लेग्ज यांच्या रुग्णालयात. तिथे क्षयाचे औषध जणू रसायनशास्त्रातील अभिकारकासारखे काम करत होते : पूर्वेच्या रुग्णांत ‘अभिक्रिया’ होते, पश्चिमेच्या काहींत होत नाही. स्लेग्ज काही शोध लावायला बसले नव्हते. ते उपचार करत होते आणि उपचार फसतो आहे हे त्यांनी प्रामाणिकपणे मनावर घेतले. दुसरा तुलनागट सोन्याच्या खाणींत. दक्षिण आफ्रिकेत खाणकामगारांच्या फुप्फुसांची मरणोत्तर तपासणी अनेक वर्षे पद्धतशीरपणे होत आली होती. सोन्याच्या खाणीतील कामगार आयुष्यभर सिलिकाची धूळ खातात. त्यांच्यात सिलिकोसिस होता, क्षय होता. ही गाठ मात्र नेहमीची नव्हती. तेव्हा नुसती ‘धूळ’ हे कारण पुरत नाही, विशिष्ट धूळ हवी. या दोन्ही तुलना संख्याशास्त्राच्या कसोटीला लावलेल्या नाहीत, ही उणीव मान्य करायला हवी. एक साधा चौकोनी तक्ता, पूर्व-पश्चिम आणि बरे झाले-न झाले असा, सर्वांसमोर ठेवला असता, तर पुढची वीस वर्षे उद्योगाच्या वकिलांना थोडे अधिक कष्ट पडले असते.

मला स्वतःला निबंधातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो रुग्णांच्या पूर्वायुष्याचा. रोग ॲस्बेस्टॉसचा म्हटल्यावर कोणालाही वाटेल की हे सगळे खाणकामगार असणार. तसे नव्हते. अनेकांनी खाणीत कधी कामच केलेले नव्हते. कोणी लहानपणी खाणीजवळ राहिले होते, टाकाऊ मालाच्या ढिगांवर खेळले होते. त्या भागात दगडातून तंतू हातोडीने वेगळे करण्याचे काम बायका करत आणि त्यांची मुले तिथेच बागडत. पुढे मोठी होऊन ती दुसरीकडे गेली, दुसरे व्यवसाय करू लागली, आणि तीसचाळीस वर्षांनी छातीत पाणी झाले म्हणून रुग्णालयात आली. अशा माणसाला डॉक्टरने ‘काय काम करता?’ एवढेच विचारले असते, तर ॲस्बेस्टॉसचा मागमूस लागला नसता. ‘लहानपणी कुठे होता?’ हा प्रश्न विचारला गेला म्हणून निबंध झाला. सोन्याच्या खाणीवरच्या माणसाच्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉस कसा आला, या कोड्याची किल्लीही अशाच प्रश्नात होती : माणूस मरताना जिथे काम करत असतो, तिथेच त्याच्या रोगाचे मूळ असते असे नाही.

आणि तो तेहतिसावा रुग्ण? त्याचा संपर्क सापडला नाही, हे लेखकांनी लपवलेले नाही. त्याला यादीतून गाळून ‘शंभर टक्के’ म्हणण्याचा मोह त्यांना झाला असेल की नाही, कोण जाणे. परंतु एक अपवाद छापल्यामुळे उरलेल्या बत्तिसांवर विश्वास बसतो. मुलांच्या प्रयोगवहीत आलेखाच्या रेषेवर न बसणारा बिंदू खोडून टाकण्याची जी रीत सर्रास दिसते, तिच्यासाठी हे उदाहरण हाताशी असावे.

आता खरे दोष. पहिला असा की, रोग्यांची संख्या आहे पण छेद नाही. तेहतीस जण आजारी पडले, पण त्या डोंगरांत धूळ खाल्लेले एकंदर किती होते? पाच हजार की पन्नास हजार? त्याशिवाय धोका केवढा हे सांगता येत नाही. किती धुळीने किती रोग होतो हे तर नाहीच. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. निदान ठाऊक असलेल्या डॉक्टरने रुग्णाला भूतकाळ विचारला, तर तो अधिक खोदून विचारतो. आणि ॲस्बेस्टॉसच्या मुलखातून आलेल्या कोणत्याही माणसाचा काही ना काही संबंध निघतोच. त्याच लोकांना पाणीही एकाच प्रकारचे मिळत होते, मातीही तीच होती. मग दोष धुळीचाच कशावरून?

या दोन्ही दोषांवर इतरांनी लवकरच इलाज केला. १९६५ साली मॉली न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोघींनी लंडनमधील एका रुग्णालयातील ७६ मेसोथेलिओमा रुग्णांची तुलना त्याच रुग्णालयातील दुसऱ्या रुग्णांशी केली. कामामुळे किंवा घरातील कोणी ॲस्बेस्टॉसचे काम करत असल्यामुळे संपर्क आलेले लोक मेसोथेलिओमाच्या गटात ५२.६ टक्के होते, तुलनागटात ११.८ टक्के. असा संपर्क नसलेल्यांपैकी ॲस्बेस्टॉस कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले पहिल्या गटात ३०.६ टक्के, दुसऱ्यात ७.६ टक्के. पहिल्या संपर्कापासून अखेरच्या आजारापर्यंत सरासरी ३७.५ वर्षे गेली होती. लंडनचे पाणी आणि माती किंबर्लीची नव्हती, तेव्हा तोही प्रश्न निकालात निघाला. छेदाचे काम न्यूयॉर्कच्या सेलिकॉफ यांनी त्याआधीच, १९६४ मध्ये केले होते. १९४३ पूर्वी उष्णतारोधक आवरणाच्या धंद्यात शिरलेल्या ६३२ कामगारांची यादी त्यांनी संघटनेच्या नोंदींतून मिळवली. १९६२ पर्यंतच्या २५५ मृत्यूंपैकी चार मेसोथेलिओमाचे निघाले. ज्या रोगाचा एखादा रुग्ण दहा लाखांत सापडावा, त्याचे २५५ मृत्यूंत चार! शिवाय फुप्फुस व आवरणाच्या कर्करोगाचे एकूण ४५ मृत्यू होते, अपेक्षित ६.६.

तिसरा दोष मात्र दीर्घकाळ भोवला. तिघांनी जे पाहिले ते निळ्या ॲस्बेस्टॉसच्या मुलखात पाहिले, आणि प्रामाणिकपणे निबंधात ‘क्रोसिडोलाइट’ असेच लिहिले. त्यातून उद्योगाला वाट मिळाली : निळा वाईट, पांढरा निर्धोक. जगात खपणाऱ्या ॲस्बेस्टॉसपैकी बहुतेक सगळा पांढरा, त्यामुळे ही वाट सोयीचीही होती. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर जगाचे ॲस्बेस्टॉस उत्पादन कमी झाले नाही, दुपटीहून अधिक वाढले. १९७७ साली ते सुमारे ४८ लाख टनांवर गेले.

या युक्तिवादात तथ्य किती? काही आहे, आणि ते नाकारून आपली बाजू मजबूत होत नाही. क्रायसोटाइलचे तंतू नागमोडी असतात आणि फुप्फुसात तुलनेने लवकर विरघळतात, तुटतात. निळ्या-तपकिरी जातीचे सरळ, सुईसारखे तंतू दशकानुदशके टिकतात. हॉजसन आणि डार्नटन यांनी २००० साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून मेसोथेलिओमाच्या बाबतीत पांढरा, तपकिरी व निळा यांच्या धोक्याचे प्रमाण साधारण १ : १०० : ५०० असे काढले. परंतु या प्रमाणातला ‘१’ म्हणजे शून्य नव्हे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर जातीजातींमधला हा फरक पुष्कळच कमी होतो. खुद्द वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदीरवर्गीय प्राण्यांना वेगवेगळ्या धुळींत श्वास घ्यायला लावले, तेव्हा पांढऱ्या ॲस्बेस्टॉसनेही मेसोथेलिओमा झाले. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सर्व जातींचा ॲस्बेस्टॉस माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत गणते.

आकार आणि टिकाऊपणा या गुणांमुळे रोग होतो, ‘ॲस्बेस्टॉस’ या नावामुळे नव्हे, याचा पडताळा तुर्कस्तानात मिळाला. तिथल्या कारेनसारख्या काही खेड्यांत १९७० च्या दशकात बारीश यांना मेसोथेलिओमाचे भयंकर प्रमाण आढळले. त्या खेड्यांत ॲस्बेस्टॉसची खाण नव्हती. घरे ज्या दगडाची होती त्यात एरिओनाइट नावाचे वेगळेच, पण तंतुमय खनिज होते.

याच ठिकाणी एक अप्रिय गोष्ट नोंदवली पाहिजे. वॅग्नर १९६२ मध्ये ब्रिटनला गेले. उत्तरायुष्यात ते पांढरा ॲस्बेस्टॉस मेसोथेलिओमाला कारण नाही, अशी भूमिका मांडू लागले. त्या काळात ओवेन्स-इलिनॉय या अमेरिकी कंपनीकडून त्यांना मोबदला मिळत होता, हे नंतर उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसते. २००० साली त्यांचे निधन झाले. यामुळे १९६० चा निबंध खोटा ठरतो का? मुळीच नाही. त्यातले पुरावे लेखकाच्या नावावर उभे नाहीत. न्यूहाउस, थॉम्पसन, सेलिकॉफ यांनी ते स्वतंत्रपणे पडताळले आहेत. त्याच न्यायाने, निबंधाच्या कीर्तीमुळे त्यांच्या नंतरच्या मतांनाही वजन येत नाही. स्वतःच्याच १९७४ च्या प्रयोगाला ओलांडून जाणारे मत मांडायचे, तर त्यासाठी नवा, तेवढाच भक्कम पुरावा हवा होता.

आता तो मूळ प्रश्न. दक्षिण आफ्रिकेने २००८ मध्ये, युरोपीय संघाने २००५ पासून, कॅनडाने २०१८ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली. अमेरिकेने २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या उरल्यासुरल्या वापरालाही बंदी घातली. भारत मात्र दरवर्षी लाखो टन पांढरा ॲस्बेस्टॉस आयात करतो आणि त्यातला बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत जातो. इतका वापर असून मेसोथेलिओमाचे रुग्ण फारसे नोंदले जात नाहीत, तेव्हा धोका कुठे आहे, असे विचारले जाते.

किंबर्लीत पुरावा कशामुळे तयार झाला ते आठवावे. आपल्याकडे छातीत पाणी झाले की पहिला संशय क्षयाचा, आणि देशातील क्षयाचे प्रमाण पाहता तो योग्यच आहे. पण औषध लागू पडले नाही तर पुढे काय? आवरणाचा तुकडा काढून, विशेष रंगद्रव्ये वापरून तपासणी करण्याची सोय किती जिल्हा रुग्णालयांत आहे? मरणोत्तर तपासणी होत नाही, आणि नातेवाइकांकडून ती मागणे सोपेही नाही. मृत्यूच्या दाखल्यात चाळीस वर्षांपूर्वी माणूस कुठे काम करत होता याला जागा नसते. जागतिक रोगवर्गीकरणातही मेसोथेलिओमाला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो दहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९९० च्या दशकात. त्याआधी जगभर तो इतर नावांखाली मिसळून जात असे. जिथे मोजणी झाली तिथे आकडे दिसले : ब्रिटनमध्ये १९६८ साली या रोगाने १५३ मृत्यू नोंदले गेले, आणि २०१० नंतरच्या दशकात दरवर्षी सुमारे अडीच हजार. हे मृत्यू मुख्यतः १९६० आणि ७० च्या दशकांतल्या धुळीचे आहेत. भारतातला वापर वाढला तो बराच नंतर. चाळीस वर्षांचा सुप्तकाळ धरला, तर आज रुग्ण कमी दिसणे हे निर्धोकपणाचे लक्षण कसे मानायचे?

शोधले की सापडते, याचे एक उदाहरण मुंबईतलेच आहे. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या एका गिरणीतील १८१ कामगारांची तपासणी केली. त्यांपैकी २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस होता. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे मेसोथेलिओमा नव्हे. फुप्फुसात तंतूंमुळे वण पडून ते कडक होण्याचा तो रोग आहे. पण ज्या धुळीने दर पाच जणांपैकी एकाची फुप्फुसे अशी झाली, तिला ‘नियंत्रित वापर’ हे नाव शोभत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला हा सुप्तकाळ नीट उमगला होता. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी. न्यूहाउस-थॉम्पसन यांच्या ३७.५ वर्षांशेजारी हा चाळीसचा आकडा ठेवून पाहावा. अर्थात, ही नोंद कायम कामगाराची. कंत्राटी मजुराची, पत्रे कापणाऱ्या सुताराची, घर पाडणाऱ्या बिगाऱ्याची नोंद कोण ठेवणार, याचे उत्तर त्या निकालात मिळत नाही.

शाळेपुरते बोलायचे तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटने पकडून ठेवलेले असतात. शाबूत पत्र्याखाली बसल्याने धोका फार थोडा. पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना, तसेच वर्षानुवर्षांच्या ऊनपावसाने पृष्ठभाग झिजल्यावर तंतू मोकळे होतात. मुलांच्या बाबतीत काळजी अधिक घ्यायला हवी, आणि तिचे कारण साधे गणिती आहे. मेसोथेलिओमाचा धोका पहिल्या संपर्कानंतर गेलेल्या काळाच्या तिसऱ्या-चौथ्या घाताच्या पटीत वाढतो, आणि मुलांपुढे काळ जास्त असतो. ब्रिटिश सरकारच्या कर्करोगविषयक सल्लागार समितीने २०१३ मध्ये अंदाज दिला की पाचव्या वर्षी संपर्क आलेल्या मुलाचा आयुष्यभराचा धोका पंचविसाव्या वर्षी तेवढाच संपर्क आलेल्या माणसाच्या सुमारे साडेतीन पट असतो. म्हणून छपराची दुरुस्ती सुट्टीत, मुले नसताना करावी. पत्रा ओला करून अख्खा उतरवावा, करवतीने कापू नये, चुरा कोरड्या झाडूने झाडू नये. फुटक्या पत्र्यांचा ढीग मैदानाच्या कोपऱ्यात खेळायला तर मुळीच ठेवू नये. नवे छप्पर घालायचे असेल तेव्हा बिनॲस्बेस्टॉसचे तंतू-सिमेंट पत्रे किंवा धातूचे पत्रे मिळतात.

आणि एकदा प्रयोगशाळेचे कपाट उघडून पाहावे. बर्नरवर तिवई आणि तिवईवर ठेवायची ती जाळी, मध्ये पांढरट गोल थर असलेली. नव्या जाळ्यांत तो चिनीमातीचा असतो, जुन्या जाळ्यांत ॲस्बेस्टॉसचा. कोणती जाळी कसली हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तेव्हा जुनी, कडा सुटलेली, हात लावला की पिठूळ होणारी जाळी दिसली, तर ती घासून स्वच्छ करायला मुलांच्या हाती देऊ नये. पाणी शिंपडून ती ओली करावी, एकात एक घातलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करावी, वर ‘ॲस्बेस्टॉस’ असे लिहावे आणि नव्या जाळीची मागणी नोंदवावी.